हाताला कळतं म्हणे!

एमसीबीच्या अंगावर एक बारीक आकडा छापलेला असतो. कंपनीचं नाव, अँपिअर, व्होल्ट, आयएसआयचा शिक्का या गर्दीत तो कुठेतरी कडेला अंग चोरून उभा असतो. एमसीबीवर जागा नसेल तर खोक्यातल्या चिठ्ठीवर असतो. २ न्यूटन-मीटर. कुठे अडीच, कुठे साडेतीन. अर्थ सरळ आहे : वायर आत घाला आणि स्क्रू इतकाच पिळा. कमी नको, जास्त नको. तो आकडा छापणाऱ्याने वाचला असेल, तपासणाऱ्याने वाचला असेल. त्यानंतर तो तुमच्या घरातल्या डीबीत, म्हणजे वीजपेटीत, जाऊन बसतो आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. चिठ्ठीची गत त्याहून वाईट. तिच्यावर चहाचे ग्लास ठेवतात आणि संध्याकाळी प्लास्टरच्या चुऱ्याबरोबर ती झाडून टाकतात.

तर प्रश्न असा, की वायरमनला टॉर्क स्क्रू ड्रायव्हर खरंच लागतो का? ज्याच्या मुठीवर आकडा लावता येतो आणि तेवढा पीळ बसला की जो ‘कट्’ करून पुढे पिळायचं नाकारतो, असं हे हत्यार. विलायतेत आणि अमेरिकेत यावर वायरमन मंडळी एकमेकांच्या उरावर बसतात. आपल्याकडे वाद नाही. आपल्याकडे एकमत आहे, आणि ते असं : “साहेब, वीस वर्षं हेच करतोय. हाताला कळतं.”

हाताला काय कळतं, ते जरा बघू.

हाताला मुठीतला जोर कळतो. स्क्रूला पीळ कळतो. या दोहोंच्या मध्ये मुठीची जाडी उभी आहे. पीळ म्हणजे जोर गुणिले मध्यापासूनचं अंतर, हे शाळेत सगळेच शिकले आणि शाळेतच ठेवून आले. टेस्टरची मूठ जेमतेम सेंटिमीटरभर जाड, चांगल्या स्क्रू ड्रायव्हरची तीन-साडेतीन. माणूस तोच, हात तोच, जोर तोच, आणि स्क्रूला मिळालेला पीळ तिप्पट. हाताला मात्र दोन्ही वेळा ‘फुल टाईट’च कळलं. शिवाय सकाळी दहाचा हात वेगळा, संध्याकाळी सातचा वेगळा. समोर उभं राहून पिळलेला स्क्रू वेगळा, स्टुलावर चढून, मान वाकडी करून लॉफ्टखालच्या डीबीतला वेगळा. मे महिन्यात घामाने निसटणारी मूठ वेगळी. गणपतीत चार मांडवांची कामं एकाच रात्रीत उरकणारा हात तर फारच वेगळा. या सगळ्या हातांना एकच आकडा कळतो म्हणे!

आणि खरं सांगायचं तर तो वीस वर्षांचा हात फक्त बोलताना हलतो. स्क्रू पिळायला हेल्पर असतो. त्याचा हात गेल्या सोमवारचा आहे.

आता टेस्टर. शेकरू हा आपला राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी. टेस्टर हे राज्यहत्यार म्हणून जाहीर करायला शासनाने आणखी किती उशीर लावायचा? शंभर रुपयांच्या आत मिळतो, खिशाला क्लिपने अडकतो. त्याचं काम एकच : फेज आहे की नाही ते दाखवणं. आपण त्याच्याकडून स्क्रू पिळून घेतो, बोर्ड उचकटून घेतो, गिट्टी ठोकून घेतो, रंगाचा डबा उघडून घेतो आणि शेवटी त्यालाच विचारतो, बाबा रे, करंट आहे का? त्याचं टोक एव्हाना वाकलेलं असतं. एमसीबीच्या बऱ्याच स्क्रूंना प्लस आणि मायनस अशी एकत्र खाच असते, आणि तिला बसेल असं खास पातं बाजारात मिळतं. टेस्टरचं बारकं पातं त्या खाचेत नुसतं लोळतं. दोनदा निसटलं की खाच गोल होते. मग स्क्रू घट्टही होत नाही आणि सैलही होत नाही. वायरमन म्हणतो, “बसला आता, हलत नाही.” खरंच हलत नाही.

लोकांचा एमसीबीवर फार विश्वास. ‘काही झालं तर पडेल की!’ एमसीबी पडतो तो करंट जास्त गेला तर. शॉर्टसर्किट झालं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. ते त्याचं कामच. सैल टर्मिनलमधून जास्त करंट जातच नाही. जातो तो रोजचाच, गिझरचा, एसीचा, इस्त्रीचा. एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. शेजारी बसलेला आरसीसीबी बघतो करंटची गळती, आणि सैल टर्मिनल गळत नाही. म्हणजे पाच-दहा हजारांची संरक्षक सामग्री पेटीत बसवायची, आणि तिच्याच पायाशी असा एक बिघाड ठेवायचा जो तिच्यापैकी एकाच्याही कार्यकक्षेत येत नाही. सरकारी खात्यांनासुद्धा इतकं साधत नाही.

थोडा हिशोब करू, कारण हिशोबात हाताचं कौतुक चालत नाही. नीट आवळलेल्या जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या हिश्शात मोजायचा. तो सैल पडून, काळा होऊन एक दशांश ओहमवर आला असं धरा. तीन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला १३ अँपिअर घेतो. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध : १३ गुणिले १३ गुणिले ०.१, जवळपास १७ वॉट. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. म्हणजे वाण्याच्या पुडीएवढ्या जागेत, बंद पेटीत, प्लॅस्टिकला चिकटून आपण एक बेताचा सोल्डरिंग आयर्न चालू ठेवला. गिझर निदान पंधरा मिनिटांत बंद होतो. आता त्याच पेटीवर गाडीचा सात किलोवॉटचा चार्जर जोडा. ३२ अँपिअर, तेही पाच-सहा तास. तोच एक दशांश ओहम, आणि उष्णता १०० वॉटच्या वर : चार सोल्डरिंग आयर्न, घरातले सगळे झोपलेले असताना. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असतं. पुढचं गणित तुम्हीच करा.

आणि हा रोध एका जागी थांबत नाही. तापलं की तांबं फुगतं, थंड झालं की आकसतं. दर खेपेला पकड थोडी ढिली. ढिल्या जागी हवा शिरते, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने आणखी थर. मालवण-वेंगुर्ल्यापासून पणजीपर्यंत खारा वारा या कामात वेगळी मदत करतो, तीही फुकट. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. डीबीत उलट आहे. पीळ कमी पडतो म्हणून सुंभ जळतो.

कधीकधी एमसीबी बिचारा सांगायचा प्रयत्नही करतो. टर्मिनलची उष्णता त्याच्या पोटातल्या द्विधातू पट्टीपर्यंत पोचते, पट्टी वाकते आणि तो वरकरणी विनाकारण पडू लागतो. मग आपण काय करतो? “दादा, हा सोळाचा सारखा पडतोय हो. बत्तीसचा टाका ना.” दादा टाकतात. पूर्वी फ्यूज उडाला की जाड तार बांधायचे. त्या घराण्याची गादी अशी पुढे चालू आहे. वायर तीच अडीच एमएमची, स्क्रू तोच सैल, फक्त तक्रार करणारा बदलला.

न्यूट्रलची गंमत तर औरच. इमारतीत तीन फेज आले, प्रत्येकाला २३० व्होल्ट, आणि तिघांचा मिळून एक न्यूट्रल. तो मीटरच्या पॅनेलमध्ये सैल होऊन सुटला, की व्होल्टेज आपापल्या मनाने वाटलं जातं. ज्या फेजवर भार जास्त, तिथे व्होल्टेज पडतं. ज्या फेजवर भार कमी, तिथे ते चढत चढत ४००च्या दिशेने जातं. म्हणजे तीन एसी लावून झोपलेल्याचे दिवे मंद होतात, आणि एका ट्यूबलाइटखाली काटकसरीने टीव्ही बघणाऱ्याचा टीव्ही जळतो. वीज बचतीचं इतकं रोखठोक बक्षीस कुठलीच योजना देत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात चर्चा : “न्यूट्रल गेला होता म्हणे.” जणू गावाला गेला होता! तो कुठेही गेला नव्हता. त्याच्या स्क्रूला पिळायला कुणी आलं नव्हतं.

त्यात अ‍ॅल्युमिनिअमची भर. खांबावरून मीटरपर्यंत येणारी केबल आपल्याकडे बहुधा अ‍ॅल्युमिनिअमची. जुन्या इमारतींत आतलं वायरिंगही त्याचंच सापडतं. हा धातू तापला की तांब्यापेक्षा जास्त फुगतो, स्क्रूखाली दाबून ठेवला की हळूहळू बाजूला सरकतो, आणि हवेत आल्याबरोबर अंगावर न वाहणारा थर चढवून बसतो. अमेरिकेने १९६५च्या सुमारास तांबं महाग झालं म्हणून घराघरांत अ‍ॅल्युमिनिअम घातलं. पुढे तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने पाहणीचा निष्कर्ष सांगितला : १९७२च्या आधी बनलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर असलेल्या घरांत एखादा जोड आगीच्या पातळीपर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट. लक्षात घ्या, वायर मध्येच कुठे तापत नव्हती. तापत होते जोड, म्हणजे स्क्रूखालची जागा.

त्याच अमेरिकेने २०१७च्या राष्ट्रीय विद्युत संहितेत लिहून टाकलं, की उपकरणावर किंवा माहितीपत्रकात पिळाचा आकडा दिला असेल, तर तो कॅलिब्रेट केलेल्या टॉर्कच्या हत्यारानेच गाठायचा. गदारोळ झाला. कुणी म्हणालं, एवढे स्क्रू एकेक मोजून पिळायचे तर पोरांची लग्नं कधी करायची? २०२०च्या आवृत्तीत शब्द मऊ झाले : ‘मान्यताप्राप्त साधनाने’ आकडा गाठा. म्हणजे ठरावीक पिळाला डोकं तुटून पडणारा बोल्ट वापरलात तरी चालेल. साधन सैल केलं, आकडा मात्र तिथेच ठेवला. एवढी एक गोष्ट आपल्या ‘हाताला कळतं’ संप्रदायाने ध्यानात घ्यावी.

इंग्रजांची तऱ्हा निराळी. लंडनच्या अग्निशमन दलाच्या ध्यानात आलं, की घरातल्या प्लॅस्टिकच्या वीजपेट्या पेटण्याचे प्रकार वाढलेत, आणि कारणांत सैल जोड पुढे आहेत. मग नियम बदलला. बीएस ७६७१च्या तिसऱ्या दुरुस्तीने २०१६च्या जानेवारीपासून घरातली पेटी न जळणारी, म्हणजे व्यवहारात पोलादी, असणं सक्तीचं केलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! स्क्रू सैल राहतो ना? राहू दे. आग लागते ना? लागू दे, पण पेटीच्या आत लागू दे. तरी इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी पखालीला का होईना, इंजेक्शन दिलं. आपल्या जुन्या चाळींत आजही लाकडी बोर्डावर मीटर आणि कटआउट सुखाने नांदताहेत.

आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. नियमांच्या बाबतीत आपण कुणाला ऐकणार नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाची सुरक्षा विनियमावली २०२३ची आहे, वायरिंगसाठी आयएस ७३२ ही संहिता आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर बाकी काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायचं, असा दंडक आहे. देखरेख होतेही. फोनवर होते. “झालं का रे?” “झालं.” “टाईट केलंस ना?” “फुल टाईट.” कागदावर सही, शिक्का, विषय संपला.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही.

टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घेतला म्हणजे जोड चांगला झाला, असं मुळीच नाही. एमसीबीच्या टर्मिनलात वर-खाली सरकणारा एक पिंजरा असतो. वायर त्याच्या पोटात जायला हवी. घाईत ती पिंजऱ्याच्या मागे जाते. स्क्रू पिळला की पिंजरा रिकामाच आवळला जातो, आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हर ‘कट्’ करून पूर्ण समाधान व्यक्त करतो. वायरचं आवरण कमी सोललं, तर तांब्याऐवजी पीव्हीसीच आवळली जाते. पुन्हा ‘कट्’, पुन्हा समाधान. एकाच टर्मिनलात एक जाड आणि एक बारीक वायर कोंबली, तर जाड पकडली जाते आणि बारीक नुसती सोबतीला राहते. भोक लहान पडतं म्हणून बहुतारी वायरच्या चार-पाच तारा छाटून टाकल्या, तर उरलेल्या तारा अगदी शास्त्रशुद्ध पिळाने आवळल्या जातात. हत्याराला आकडा कळतो. अक्कल त्याला पुरवावी लागते.

त्यातही जाणकार वायरमन आणखी एक मुद्दा काढतात, आणि तो बिनतोड आहे. आपण दिलेल्या पिळापैकी बराचसा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होतो. बोल्टच्या जोडात तर जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष दाबाच्या कामी येतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. आट्यात धूळ, गंज, प्लास्टर गेलं की तोच आकडा लावूनही दाब वेगळा. हत्यार स्वतःही कायम खरं बोलेल असं नाही. आयएसओ ६७८९ प्रमाणे अशा स्क्रू ड्रायव्हरला सहा टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि वर्षाने किंवा ५,००० पिळांनंतर, जे आधी होईल तेव्हा, त्याचं कॅलिब्रेशन तपासायला हवं. तो दोनदा स्टुलावरून पडला आणि एकदा हातोडी म्हणून वापरला गेला, की त्याच्या आकड्यालाही ‘हाताला कळतं’चीच किंमत.

हे सगळं मान्य. फक्त एक शंका आहे. घर्षण तुमच्या हाताच्या पिळालाही लागू पडतं की नाही? की घर्षणसुद्धा वीस वर्षांचा अनुभव बघून रस्ता सोडतं? आट्यातल्या धुळीने टॉर्क स्क्रू ड्रायव्हरचा अंदाज चुकतो, तसा टेस्टरचाही चुकतो. वर टेस्टरचा स्वतःचा मूळ अंदाजच नाही. हा मुद्दा मांडणारा माणूस वायरची टोकं मापाने सोलत असेल, बहुतारी वायरला लग क्रिंप करत असेल, स्क्रू पिळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघत असेल, तर त्याच्या पायाशी बसून शिकायला मी तयार आहे. दातांनी वायर सोलणारा आणि थिंबल पकडीने चेपणारा मला घर्षणाचे धडे देतो, तेव्हा हसू आवरत नाही.

शिवाय चूक फक्त सैलपणाची नसते. कचकचून आवळणं हाही आपल्याकडे पुरुषार्थाचा भाग. अति पिळाने बारीक तारा कापल्या जातात, आटे जातात, टर्मिनलचं प्लॅस्टिक चिरतं. दर दिवाळीच्या साफसफाईत डीबी उघडून प्रत्येक स्क्रूला ‘अजून एक पीळ’ देणारे उत्साही जीव असतात. पंधरा दिवाळ्यांत स्क्रू बिचारा शरण येतो. हाताला सैल कळत नाही ते एक वेळ ठीक. पण ‘पुरे’ कळत नाही, हे जास्त महाग पडतं. टॉर्क स्क्रू ड्रायव्हरची अर्धी किंमत त्या ‘कट्’ची आहे. तो पैलवानाला थांबवतो.

आता जरा चाकणकडे बघा, रांजणगावकडे, पिंपरी-चिंचवडकडे. गाड्या तयार होतात तिथे चाकाचा नट किती पिळायचा, हे कुणाच्या हातावर सोडत नाहीत. आकडा ठरलेला, हत्यार ठरलेलं. मोठ्या कारखान्यांत महत्त्वाच्या नटाचा पीळ संगणकात नोंदला जातो. पिळून झालं की वर मार्करची रेघ ओढतात, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. तिथे कुणी ‘वीस वर्षं हेच करतोय’ म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत रेंच हातात देतात. तोच कामगार शिफ्ट संपवून घरी येतो आणि ज्या डीबीखाली झोपतो, तिच्यातला एकही स्क्रू कुणी मोजून पिळलेला नसतो. ती गाडी परदेशी जाणार म्हणून तिचे नट मोजून पिळायचे. आपण इथेच राहणार, आपल्याला कसंही चालतं.

मात्र वायरमनलाच झोडपत बसणं सोपं आहे, आणि बरंचसं अन्यायाचंही. आपल्याकडे वायरिंगचे पैसे पॉइंटवर मोजतात. इतके पॉइंट, इतके रुपये. पॉइंट म्हणजे भिंतीवर दिसणारी वस्तू. टर्मिनल आत असतं, त्याला दर नाही. ज्या कामाला दर नाही ते काम सावकाश करणारा वायरमन उपाशी मरेल. टॉर्क स्क्रू ड्रायव्हरला काही हजार रुपये पडतात, वर दरवर्षीचं कॅलिब्रेशन. त्यापोटी त्याने दोनशे रुपये कोटेशनमध्ये जास्त लावले, की तुम्ही शेजारच्या गल्लीतला दादा बोलावणार. हॉलच्या फॉल्स सीलिंगला लाखभर रुपये द्यायचे, मॉड्युलर स्विचच्या प्लेटचा रंग सोफ्याला जुळतो का यावर अख्ख्या घराची बैठक बसवायची, आणि आतल्या जोडाबद्दल बोलताना एकदम, “चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला कशाला?” कोंबडी चार आण्यांची नाही हो. तिच्यावर तुमचं घर उभं आहे.

पुढे तर हा प्रश्न वाढणार आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४मध्ये आली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल हे तिचं लक्ष्य. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे सैल जोडात ठिणगी पेटली तरी तिला विझायची संधी मिळते. पॅनेलचा डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी धरली की धरली. हे पॅनेल गच्चीवर, उन्हात तापतात, पावसात भिजतात, आणि त्यांचे जोड आवळायला जो येतो त्याच्या खिशालाही तोच टेस्टर अडकवलेला असतो. खाली पार्किंगमध्ये ३२ अँपिअरचा चार्जर, वर गच्चीवर डीसी. मधल्या मजल्यांवर आपण, हाताला कळतं या श्रद्धेच्या भरवशावर.

तेव्हा निकाल. दाराच्या घंटीला आणि देवघरातल्या दिव्याला टॉर्क स्क्रू ड्रायव्हर लावत बसू नका. तिथे योग्य पात्याचा साधा स्क्रू ड्रायव्हर आणि वायर ओढून बघण्याची सवय पुरे. काही जोडण्यांत स्प्रिंगचे टर्मिनल वापरता येतात. तिथे दाब स्प्रिंग सांभाळते, हाताचा आणि आकड्याचा प्रश्नच मिटतो. पण मीटरचं पॅनेल, मेन स्विच, डीबी, गिझर, एसी, गाडीचा चार्जर, सौर जोडणी या ठिकाणी टॉर्क स्क्रू ड्रायव्हर लागतोच. लागतो का, हा प्रश्नच मुळात वायरमनला विचारायचा नव्हता. तो उपकरण बनवणाऱ्याने आकडा छापून सोडवलेला आहे. छापलेला आकडा मोजल्याशिवाय गाठता येत नाही, आणि मोजायला हात पुरत नाही. क्रमही लक्षात ठेवा : आधी वायरचं टोक नीट, मग ती बरोबर पिंजऱ्यात, मग खाचेला बसणारं पातं, मग मोजून पीळ, मग ओढून बघणं, मग मार्करची रेघ. पहिल्या तिघांशिवाय चौथं म्हणजे नुसता ‘कट्’.

हे वाचून कुणी टेस्टर घेऊन डीबीकडे उठू नये, ही हात जोडून विनंती. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलला वीज जिवंत असते आणि ती अनुभव विचारत नाही. परवानाधारक माणूस बोलवा. कोटेशन घेताना एक ओळ लिहून घ्या : ‘डीबीतले सर्व जोड कंपनीने दिलेल्या पिळाने आवळून देऊ.’ त्या ओळीचे वेगळे पैसे द्या, कुरकुर न करता. आणि गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनो, यंदा रोषणाईच्या माळांतल्या खर्चातून काही हजार वाचवून संस्थेच्या नावाने एक टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याचं कॅलिब्रेशन वर्षाच्या खर्चात धरा, आणि इमारतीत काम करायला येईल त्या वायरमनच्या हातात तो द्या. सर्वसाधारण सभेत विरोध होईल. होऊ द्या. विरोध करणाऱ्याला फक्त त्याच्या घरातल्या एमसीबीवरचा आकडा विचारा.